न हुंगलेली पिशवी

मासा उचलायचा, अंगठ्याने त्याचा कल्ला उघडायचा आणि तो तसाच गिऱ्हाइकाच्या नाकाखाली धरायचा, ही मावशींची रीत होती. भावाची बोलणी त्यानंतर. नवखं गिऱ्हाईक दचकून मागे सरायचं, जुनं असेल ते निमूटपणे वास घ्यायचं आणि पिशवी पुढे करायचं. "मना नको इचारू," मावशी म्हणायच्या. "मी इकनारी हाय, मी गोडच बोलनार. तुज्या नाकाला इचार."

पनवेलच्या मासळी बाजारात तुमची ये-जा असेल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असणार. अगदी शेवटच्या ओट्यावर, शेजारणींच्या बर्फाच्या खोक्यांना पाठ करून बसलेली एक बुटकी, काटक बाई. खोचलेलं लुगडं, मोकळं कपाळ, बोटाला कायम मशेरी. त्यांच्या पाटीत पहाटे खाडीतून आलेली बोय, थोडी कोलंबी, चार चिंबोऱ्या, एवढंच असायचं. बर्फातला मासा त्यांनी कधी विकला नाही. अकराच्या आत पाटी रिकामी करून त्या गव्हाणच्या बाजूला आपल्या गावी निघून जायच्या, आणि बाराला आलेली गिऱ्हाइकं त्यांच्या नावाने चरफडत शेजारणीकडून घ्यायची.

मी मासे खात नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पुण्यातल्या ज्या घरात मी वाढलो तिथे चातुर्मासात कांदासुद्धा हद्दपार व्हायचा. प्राणिशास्त्राची पदवी घेतली, सरकारी परीक्षा दिली, आणि नशिबाने मला नेऊन बसवलं ते मासळीच्या खात्यात. आई नातेवाइकांना नुसतं 'सरकारी नोकरी' म्हणून सांगायची. खातं कोणतं असं कुणी विचारलं की ती चहा टाकायला उठायची. नवीन पनवेलला भाड्याने जागा घेतली आणि पहिल्याच आठवड्यात बाजाराच्या पाहणीला गेलो तो नाकाला रुमाल लावून. ओट्यांवरून ओघळणारं पाणी, पायाखाली खवल्यांचा चिखल, गटारात तरंगणारी आतडी, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या.  मावशींनी मला रुमालासकट पाहिलं, शेजारणीला काहीतरी म्हणाल्या आणि दोघी पोट धरून हसल्या.

तिसऱ्या का चौथ्या फेरीला त्यांनी मला समोर बसवलंच. "तू मासलीचा सायेब आन् तुनाच मासलीची किलस?" रुमाल काढायला लावला. आपल्या पाटीतली एक बोय घेतली, कल्ला उघडला आणि माझ्या नाकाला जवळजवळ टेकवला. मी डोळे मिटून श्वास घेतला. तुम्हाला खोटं वाटेल, पण ताज्या कापलेल्या काकडीसारखा वास आला. मग त्यांनी शेजारच्या खोक्यातला चार दिवस बर्फात पडलेला मासा उचलला आणि तोही तसाच धरला. मी उठून पळालो. त्या दिवशी मला कळलं की ज्याला मी आजवर माशाचा वास म्हणत होतो, तो माणसांच्या हलगर्जीपणाचा वास होता.

तिथून पुढे चार वर्षं मावशींनी माझं नाक घडवलं. पाण्याचा वास घ्यायला त्यांनीच शिकवलं. खाडीचा चिखल चांगला कुजला की त्याला एक वास येतो आणि त्यात काही सोडलेलं असलं की दुसरा येतो, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. त्या मला 'सायबा' म्हणायच्या आणि अरेतुरे करायच्या. मला त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्यात देवालाही तूच म्हणतात.

त्यांचं एक तळं होतं. खाडीच्या बांधाला लागून, नवऱ्याच्या वाडवडिलांपासूनचं. बांधात एक उघाडी होती, म्हणजे भरतीचं पाणी हवं तेव्हा आत घ्यायची आणि नको तेव्हा बंद करायची फळी. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची बारीक पिल्लं उघाडीपाशी यायची. मावशी आणि त्यांची लेक जुन्या लुगड्याची झोळी करून ती धरायच्या आणि तळ्यात सोडायच्या. दोन वर्षांत ती हातभर व्हायची. जिताडा काय चीज आहे ते मासे खाणाऱ्यांना सांगायला नको. न खाणाऱ्यांना सांगून उपयोग नाही.

तळ्याच्या काठावर एक खुंट होता आणि त्याला सुतळीने बांधलेली एक हिरवी काचेची बांगडी. वैशाखात जाळं ओढलं की प्रत्येक जिताड्याचं डोकं त्या बांगडीत घालून बघायचं. कल्ल्यापर्यंत आत गेलं तर मासा लहान, परत पाण्यात. अडलं तर पाटीत. या मापाला अपवाद नव्हता. लेकीच्या लग्नात वऱ्हाडाला एक मासा कमी पडत होता, तेव्हाही बांगडीतून गेलेला जिताडा त्यांनी परत सोडला होता आणि विहिणीचं बोलणं ऐकून घेतलं होतं. ती बांगडी त्यांच्या चुड्यातली होती. नवरा गेला तेव्हा बाकीच्या फोडल्या, ही एक कशी कोण जाणे आख्खी राहिली. "राहिली तं राहिली," मावशी म्हणाल्या होत्या. "मंग तिला कामाला लावली." आम्ही खात्यात 'शाश्वत मासेमारी' या विषयावर दोन-दोन दिवसांची शिबिरं घ्यायचो. गार हॉल, मागे फलक, पाहुण्यांना गुलाबाची फुलं, जेवायला पनीर. त्या हॉलमधल्या एकाही वक्त्याला मी कधी त्या बांगडीबद्दल सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तिचंही एक परिपत्रक काढलं असतं.

आमच्या भागात साहेबाला जिताडा पोचवला की काम होतं, अशी जुनी समजूत आहे. समजूत कसली, वहिवाटच. आमच्या वरिष्ठांनी एकदा मला सहज म्हणून सुचवलं की तुझ्या त्या मावशीकडे चांगले जिताडे असतात म्हणे, येताना एखादा घेऊन ये. हे मी मावशींना सांगितलं तेव्हा लाजेने माझे कान तापले होते. मावशींनी शांतपणे मशेरी थुंकली. "तुज्या सायबाचा डोका आदी बांगडीत घालून बघ," त्या म्हणाल्या. "आत जात असंल तं तो अजून ल्हान हाय. त्याला जिताडा पचनार नाय." मी वरिष्ठांना सांगितलं की हंगाम संपलाय.

आता थोडं घाणीबद्दल. घाण मी आयुष्यात भरपूर पाहिली, पण कळंबोलीच्या पुढे, हमरस्त्यापासून आत एका पडीक जागेत जे पाहिलं ते अजून जेवताना आठवतं. परदेशातून आलेला एक मांगूर मासा आहे. सडलेलं खाऊन झपाट्याने वाढतो, तळ्यातलं बाकी सगळं जिवंत गिळतो, आणि पाऊस पडला की ओल्या मातीवरून सरपटत शेजारच्या पाण्यात शिरतो. म्हणून त्याच्यावर सरकारी बंदी आहे. बंदी आहे म्हणून तो आडबाजूला पाळतात. आम्ही तिथली तळी नष्ट करायला गेलो होतो. काठावर पिंपं होती, पिंपांत कोंबड्यांची आतडी, पिसं, मुंडकी, सगळं उन्हात फुगून वर आलेलं आणि अळ्यांनी हलणारं. एक जण फावड्याने ते पाण्यात लोटत होता, आणि पाणी उकळल्यासारखं उसळत होतं, ती मिशाळ तोंडं एकमेकांवर चढत होती. मी बुटांवरच ओकलो. आमची माणसं हसली.

आणि हा मासा जातो कुठे? स्वस्त म्हणून तो गरिबाच्याच ताटात जातो. ज्याच्या ताटाच्या काळजीने आम्ही हॉलमध्ये पनीर खातो, त्याच्याच.

दुसऱ्या दिवशी बाजारात मावशींनी माझा चेहरा पाहून विचारलं आणि मी सगळं सांगितलं, ओकल्याचंही. मला वाटलं आता त्या पोट धरून हसतील. त्या हसल्या नाहीत. "ओकलास? बरा झाला," त्या म्हणाल्या. "ज्याला ओकारी येते तो अजून माणूस हाय." हे वाक्य मी तेव्हा फार मनाला लावून घेतलं नाही. एखादी म्हातारी धीर देते तसं वाटलं.

मग ती मोठी साथ आली. बाजार बंद, मावशींनाही ताप आला, पंधरा दिवस घरात पडून होत्या असं नंतर कळलं. बाजार उघडला तशा त्या पुन्हा ओट्यावर दिसू लागल्या, थोड्या वाळलेल्या, पण त्याच जागी. कल्ला उघडायची रीतही तीच. एक फरक मात्र पडला होता आणि तो माझ्या लक्षात आला नाही. पूर्वी त्या मासा आधी स्वतःच्या नाकाला लावायच्या आणि मग गिऱ्हाइकाच्या. आता नुसत्या गिऱ्हाइकाच्या लावायच्या आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायच्या. एकदा मावशींनी शिळी कोलंबी दिली म्हणून एका बाईने भर बाजारात आरडाओरडा केला. मावशींनी मुकाट्याने सगळी पाटी गटाराशी ओतली. मला वाटलं वय झालं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तळं मेलं. वरच्या अंगाने खाडीत कोण काय सोडतं हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीही लिहून देत नाही. भरतीबरोबर काळं पाणी आलं की मावशी आधी वासावरून ओळखायच्या आणि उघाडी बंद करायच्या. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. त्या दिवशी मात्र पहाटेच्या अंधारात त्यांनी उघाडी उघडीच ठेवली. उजाडलं तेव्हा लहानमोठे सगळे जिताडे पोट वर करून तरंगत होते. मी गेलो तर मावशी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून एकेक मासा काढत होत्या. बांगडीकडे बघायची गरज नव्हती. तळं उपसलं, गाळ काढला, आणि त्या पावसाळ्यात उघाडीपाशी जेमतेम दीड-दोनशे पिल्लं मिळाली ती सोडली. आसपासच्या भरावामुळे खाडीच आक्रसत चालली होती, पिल्लं येणार कुठून. पुढच्या वर्षी एवढीही मिळतील की नाही, असं मावशी प्रथमच म्हणाल्या. हे तळं गेलं की त्या कुणाच्या तरी बर्फाच्या खोक्यामागे बसून दुसऱ्याचा मासा विकणार, हे त्यांना दिसत होतं आणि मलाही.

नेमकी तेव्हाच माझ्या टेबलावर एक योजना आली. नाव लांबलचक होतं, त्यात अन्न होतं, पोषण होतं, सुरक्षा होती. गावातल्या तळ्यांमध्ये देशी मांगूर सोडायचा, म्हणजे गावातल्या पोरांना आणि बाळंतिणींना घरचा मासा मिळेल. बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, खातं देणार, ठेकेदार आणून पोचवणार. कल्पना वाईट नव्हती, हे आजही म्हणतो. मी मावशींच्या तळ्याचं नाव घातलं.

मांगूर म्हटल्यावर त्या उठूनच उभ्या राहिल्या. मी समजावलं की हा तो नव्हे, हा आपला, पूर्वी भातखाचरांत सापडायचा तो. हे ऐकल्यावर त्या पुन्हा बसल्या. त्यांच्या आईने त्यांच्या पहिल्या बाळंतपणात खाचरातल्या मांगुराचं कालवण दिलं होतं, हे त्यांना आठवलं. बराच वेळ विचार करून त्यांनी एकच अट घातली. "पिशवी तू हुंगायची. तू बोललास चांगला हाय, तं सोडीन." मला ते ऐकून अभिमान वाटला. चार वर्षांची शागिर्दी फळाला आली असं वाटलं.

गणपती झाल्यावर एका सकाळी टेम्पो आला. काठावर फलक लावला होता, आमचे वरिष्ठ आले होते, फोटो काढणारा आला होता. मला तिथून थेट एका हॉलमध्ये सभेला जायचं होतं, कलेक्टर कचेरीतली माणसं येणार होती, आणि मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. टेम्पोतून काहीतरी आंबूस भपकारा येत होता. माझा हात आपोआप खिशात गेला आणि रुमाल नाकाला लागला. कित्येक वर्षांत लागला नव्हता.

मावशींनी एका पिशवीचं तोंड सोडलं आणि ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "सायबा, हुंग."

रुमालाआड मी श्वास रोखून धरला, मान किंचित खाली केली आणि वर केली. "चांगलं आहे मावशी."

मावशी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. बाजारात गिऱ्हाइकांकडे बघायच्या तशा. मग त्यांनी मान डोलावली आणि पिशव्या एकामागून एक तळ्यात सोडल्या. मी टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून पोचपावतीवर सही केली: देशी मांगूर, बोटुकली, चांगल्या स्थितीत मिळाली. कोंबडीच्या सडक्या आतड्यांवर वाढवलेल्या पिल्लांच्या पाण्याला कसला वास येतो, तो मला माहीत होता. त्यासाठी मी बुटांवर ओकलो होतो. एक श्वास घ्यायचा होता फक्त.

माघात त्यांचा निरोप आला. मी गेलो तेव्हा तळं गप्प होतं. बेडूक नाही, पाण्यावर उडणारी बारीक मासळी नाही, काठावर बगळाही नाही. मावशींनी भाताचं एक शीत टाकलं आणि पाणी उसळलं. ती तोंडं मी ओळखली. चार महिन्यांत हातभर वाढलेली, मिशाळ, चपटी डोकी. मावशींनीही कधीच ओळखली होती. "पिल्लं गिलली," त्या म्हणाल्या. "माजी पिल्लं."

मी त्याच दिवशी कचेरीत जाऊन सगळं लिहून काढलं, ठेकेदाराने बंदी असलेल्या मांगुराचं मत्स्यबीज दिलं म्हणून. वरिष्ठांनी कागद वाचला आणि मला एकच प्रश्न विचारला, पोचपावतीवर सही कोणाची आहे? मी कागद परत घेतला. तो अजून माझ्या कपाटात आहे. आठवड्याभरात आदेश निघाला: बंदी असलेला मासा पाळल्याबद्दल तळं नष्ट करावं. ठेकेदाराला पुढच्या वर्षीही काम मिळालं. मी या खात्याला शिव्या देतो तेव्हा त्यात मलाही धरतो, एवढंच सांगतो.

तळं नष्ट करताना पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकतात. दुपारपर्यंत सगळं वर येतं. खड्डा खणून, चुना घालून पुरतात. घशात, डोळ्यांत, कपड्यांत तो वास बसतो आणि दोन दिवस जात नाही. आमची सगळी माणसं तोंडाला फडकी बांधून होती. मावशी उघड्या तोंडाने काठावर उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नव्हती. मला तेव्हाही काही कळलं नाही. तरंगणाऱ्या ढिगात त्यांना पाच जिताडे सापडले, मांगुरांच्या तडाख्यातून कसे वाचले होते कोण जाणे. त्या ते घेऊन खुंटापाशी गेल्या आणि एकेकाचं डोकं बांगडीत घालून पाहिलं. पाचही आत गेले. पाचही परत पाण्यात सोडायच्या मापाचे होते. त्यांनी ते पदरात धरले आणि काठावर बसल्या.

पंचनामा सुरू झाला. वरिष्ठांनी विचारलं, बीज कुठून आणलं? ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, टेम्पोवाल्यालाही माहीत असणार. मी लेखणी धरून उभा होतो आणि कागदाकडे बघत होतो. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग वरिष्ठांकडे पाहून म्हणाल्या, "बीज मीच आनला. नाकाला इचारला नाय. माजी चूक."

मी ते लिहिलं. माझ्या हातांनी लिहिलं आणि त्याखाली त्यांचा अंगठा घेतला.

सगळे गेल्यावर मी मागे राहिलो. असं का सांगितलंत म्हणून विचारलं. त्यांनी पदरातली पिल्लं सारखी केली. मग म्हणाल्या की मला हुंगायला शिकवायला त्यांची चार वर्षं गेली होती. माझी नोकरी गेली तर दुसरा साहेब येणार आणि तो पण रुमाल लावूनच येणार, आता नव्याने शिकवायला अंगात जोर नाही. यातला 'पण' मी ऐकला आणि न ऐकल्यासारखा केला.

"आन् माजा नाक गेला रं सायबा," त्या म्हणाल्या. "त्या तापात गेला तो आलाच नाय. कुनाला बोलली नाय. बोलली असती तं माजा मासा कोन घेनार? म्हनून तुना हुंगाया सांगितला."

मला एकेक गोष्ट जागेवर बसताना दिसली. कोलंबी. उघाडी. गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघणं. समोर एवढा भयानक दर्प सुटलेला असताना न हललेला चेहरा. जगात ज्या बाईचं नाक सगळ्यांत खरं होतं, तिने ते गेल्यावर माझ्या नाकावर आपलं तळं सोपवलं होतं.

"तू हुंगला व्हतास ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "हो मावशी."

"मंग बरा," त्या म्हणाल्या आणि पाच पिल्लं पदरात घेऊन घराकडे गेल्या. त्या दिवशी मला ओकारी यायला हवी होती. आली नाही. घरी येऊन मी आंघोळ केली, वरणभात खाल्ला आणि झोप लागली, याची मला आज जास्त शिसारी येते.

मावशी त्यानंतर बाजारात आल्या नाहीत. ओट्यावरची ती जागा दोन-तीन महिने रिकामी होती, मग शेजारणीने आपलं बर्फाचं खोकं तिथे सरकवलं. मी त्या बाजूला जायचं टाळत होतो. वैशाखात त्या शेजारणीनेच मला हाक मारून सांगितलं की मावशी गेल्या. चालत्या-बोलत्या गेल्या, दुपारी जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत.

दहावं झाल्यावर मी गावी गेलो. लेक माहेरी आली होती. तिने मला ओळखलं, चटई टाकली, चहा ठेवायला आत गेली. मी भिंतीकडे पाहिलं आणि उठून उभा राहिलो. भिंतीवर चौकटीत एक फोटो होता. खात्याने योजनेतल्या लोकांना आठवण म्हणून जे फोटो वाटले होते त्यातला. मागे फलक, एका कडेला आमचे वरिष्ठ हसताना, मध्ये मावशी दोन्ही हातांनी पिशवी पुढे करून उभ्या, आणि त्यांच्या समोर पांढऱ्या शर्टातला मी. रुमाल नाकावर घट्ट दाबलेला, कडेची निळी पट्टीसुद्धा दिसत होती. फोटोच्या खिळ्याला सुतळीने ती हिरवी बांगडी अडकवलेली होती.

लेक चहा घेऊन आली तेव्हा मी तिला सांगून टाकलं. मी त्या दिवशी हुंगलं नव्हतं. तुझ्या आईने विचारलं तेव्हाही खोटं बोललो.

तिने कप माझ्या हातात दिला. "आईला म्हायती व्हता," ती म्हणाली. "फोटू रोज बघायची ना."

पुढे मी काही विचारलं नाही. मावशींना राग होता की नव्हता, त्या दिवशी काठावर त्यांनी तो प्रश्न कशासाठी विचारला होता, हे आता कोण सांगणार? चहा संपवून उठलो तेव्हा लेक म्हणाली, फोटो हवा असेल तर ने, आमच्याकडे आता कोण बघतं.

मी नको म्हणालो. तिला विनंती केली की तो तिथून काढू नको. गावात पुन्हा कुणी साहेब येईल, योजना घेऊन येईल, त्याला याच चटईवर बसव आणि तोंड या भिंतीकडे करून बसव.